खांदेरी : जिथं कुणी राहत नाही

आम्ही मीरा-भाईंदरच्या बचत गटांतल्या बायका. आमच्यातल्या निम्म्या उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरच्या. निम्म्या घाटावरून, कोकणातून, खानदेशातून इथं संसार मांडायला आलेल्या. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या भरल्या की उरलेला अर्धा तास आम्ही काहीतरी वाचायला ठेवतो. सध्या इतिहास चालला आहे. त्यातलंच एक बेट आज तुमच्यासमोर मांडतो.

विषय निघाला एका बातमीवरून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. नावं वाचत गेलो. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा, सगळ्यांच्या माना डोलल्या. मग आलं खांदेरी. घाटावरच्या बायका म्हणाल्या, हा कुठला गड? तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी कोळीण म्हणाली, ‘गड नव्हं गं, तो आमचा वेताळ.’ तिच्या बाजूला बसलेलीचा मुलगा बोटीवर खलाशी आहे. ती म्हणाली, ‘माझ्या पोराला ईचार, तो म्हनंल बत्ती.’

एकच बेट. कुणासाठी किल्ला, कुणासाठी देव, कुणासाठी दिवा. आणि कागदावर त्याचं वर्णन एका शब्दात संपतं : निर्जन. दिव्याची देखभाल करणारे कर्मचारी सोडले तर तिथं वस्ती नाही. घर नाही, शेत नाही, चूल नाही. मग ज्या जागेवर कुणी राहत नाही, ती जागा कुणाची? हा प्रश्न आम्हाला सोडवेना, म्हणून शोधत गेलो.

आधी जागा सांगतो. आपण मीरा-भाईंदरवाले मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या तोंडाशी. खांदेरी मुंबईच्या दक्षिणेला, रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळ गावासमोरच्या समुद्रात. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की दोन बेटं दिसतात. जवळचं, सपाटसं, ते उंदेरी. त्याच्या पलीकडे दोन टेकड्यांचं, झाडीनं भरलेलं, ते खांदेरी. दक्षिणेकडची टेकडी जास्त उंच आणि तिच्यावर पांढरा दीपस्तंभ. मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला या बेटाच्या नजरेखालून जावं लागतं. खांदेरीचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघालेला आहे. दारात बसलेल्या माणसाला घरात कोण येतं, कोण जातं ते दिसतं, तसंच हे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं. १६७२ च्या सुमारास त्यांनी बेट बांधायला घ्यायचा एक प्रयत्न केला होता, पण तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही आडवे आले. मुंबई १६६८ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली होती. आपल्या बंदराच्या दारात मराठ्यांची चौकी बसली तर आपली रोजची ये-जा त्यांच्या डोळ्यांखाली येणार, हे इंग्रजांना पक्कं कळलं होतं. महाराजांनी तेव्हा थांबायचं ठरवलं. विषय मात्र सोडला नाही.

मग आलं १६७९ साल. पावसाळ्याचा शेवट, समुद्र अजून खवळलेला. अशा दिवसांत मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं घेऊन बेटावर उतरले आणि बांधकामाला हात घातला. नारळी पौर्णिमेच्या आसपासचा समुद्र काय असतो हे आमच्या कोळणींना विचारा. मोठी गलबतं अजून किनाऱ्याला ओढलेली असतात, अशा वेळी दगड, चुना, शिधा भरून होड्या घालणं म्हणजे काय, ते त्या सांगतील. पण नेमकी तीच वेळ धरायची होती. समोरचा बाहेर पडायच्या आत आपली भिंत गुडघाभर तरी वर यायला हवी. आणि भंडारी म्हणजे परके कुणी नव्हेत. माडाच्या शेंड्यावर चढून ताडी-माडी काढणारा हा आपल्या किनारपट्टीचाच समाज, आमच्या गोराई-उत्तनच्या बाजूलाही आहे. महाराजांच्या आरमारात कोळी होते, भंडारी होते, मुसलमान दर्यावर्दी होते. दौलतखान तर आरमाराचे मोठे सरदार.

इंग्रजांनी आधी सांगून पाहिलं, बेट आमचं आहे, निघून जा. मायनाक भंडारी हलले नाहीत. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी माणसं आणि शिबाडं पाठवून बेटाला वेढा घातला. त्यांचा एक लेफ्टनंट, फ्रान्सिस थॉर्प, बेटावर उतरायच्या प्रयत्नात मारला गेला. मग मोठं जहाज आलं, ‘रिव्हेंज’ नावाचं. त्याच्यावर केग्विन नावाचा कसलेला दर्यावर्दी. १८ ऑक्टोबर १६७९ ला, म्हणजे इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे, समुद्रात मोठी लढाई झाली. अलिबागच्या दक्षिणेला नागावची खाडी आहे, तिथून दौलतखानांची चाळीस-पन्नास गलबतं निघून इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांचं एक गुराब मराठ्यांनी पकडलं, त्यांची छोटी गलबतं पळाली. पण ‘रिव्हेंज’ एकटं तोफा डागत उभं राहिलं, मराठ्यांची काही गलबतं बुडाली आणि बाकीची नागावला परतली. हेही सांगायला हवं. आपल्याकडे इतिहास सांगताना आपली बुडालेली गलबतं कुणी मोजत नाही. ती मोजली तरच पुढच्या गोष्टीची किंमत कळते.

कारण दिवसाच्या त्या लढाईनं काहीच निकाल लागला नाही. निकाल रात्रीच्या होड्यांनी लावला.

इंग्रजांची जहाजं मोठी, खोल बुडाची, वाऱ्यावर चालणारी. मोठं जहाज वाऱ्याचं मिंधं असतं. वारा पडला की ते जागच्या जागी. खडकाळ उथळ पाण्यात त्याला शिरता येत नाही, बूड लागलं की संपलं. आणि आपल्या होड्या हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यानं हाकायच्या. वारा नसला तरी चालतात, समोरून असला तरी चालतात. खडक कुठं आहे, भरतीला त्याच्यावरून जाता येतं की नाही, ओहोटीला कुठली वाट मोकळी राहते, हे त्या तांडेलांना अंधारातही ठाऊक. रोज रात्री या होड्या वेढ्यातून निसटून बेटावर जात, पहाटेच्या आत परत येत. इंग्रज पाठलाग करत आणि हात हलवत परतत. भिंत वाढत राहिली.

आम्ही बैठकीत एक हिशेब मांडला. हा आमचा हिशेब आहे, इतिहासकारांचा नव्हे. दगड उचलणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो तरी धान्य लागतं. दीडशे माणसं म्हणजे रोज पाऊण क्विंटल. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने धरले तर नव्वद क्विंटल. माणसं पुढं वाढली असणारच, ती वेगळी. त्यात मीठ, सुकी मासळी, जळण, चुना, दारूगोळा. बेटावर पावसाचं पाणी साठवायची टाकी आहेत, पण धान्य पिकत नाही. एवढा माल रोज रात्री थोडा थोडा गेला. हे भात कांडलं कुणी? मासळी सुकवली कुणी? गोण्या शिवल्या कुणी? त्या लढाईच्या कागदात मायनाक आहेत, दौलतखान आहेत, केग्विन आहे, थॉर्पही आहे. बाईचं नाव त्यांत आम्हाला दिसलं नाही. पण शिधा कुणी तयार केला हे सांगायला आपल्याला कागद कशाला लागतो?

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासम मोगलांचं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदतीला म्हणजे काय, त्यालाही ते बेट स्वतःलाच हवं होतं. इंग्रजांच्या लवकरच ध्यानात आलं की खांदेरी मराठ्यांकडून काढून सिद्दीच्या घशात घालण्यात आपला काही फायदा नाही. वेढ्याचा खर्च वाढत होता, खलाशी थकले होते. शिवाय मुंबई तेव्हा जळणाला आणि धान्याला समोरच्या मुलखावर अवलंबून होती आणि तो मुलूख मराठ्यांचा. शेजाऱ्याशी भांडून त्याच्याच विहिरीवर पाण्याला जायचं, असा तो मामला. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. खांदेरी मराठ्यांची राहिली. सिद्दीनं त्याच महिन्यात शेजारचं उंदेरी बळकावलं आणि पुढं ऐंशी वर्षं ही दोन बेटं एकमेकींवर तोफा डागत बसली. उंदेरी मराठ्यांनी १७६० मध्ये घेतलं. महाराज मात्र १६८० च्या एप्रिलमध्येच गेले. खांदेरी हा त्यांनी शेवटच्या काळात उभा केलेला किल्ला.

पुढचा काळ कान्होजी आंग्रे यांचा. तो तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेल, म्हणून थोडक्यात. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा नियम. पोर्तुगीजांनी हेच केलं तर तो कायदा आणि कान्होजींनी केलं तर चाचेगिरी, असं इंग्रजांनी लिहून ठेवलं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं खांदेरीवर आरमार पाठवलं. काही दिवसांत ते हात हलवत परत आलं. तोफांनी जे बेट इंग्रजांना मिळालं नाही, ते शंभर वर्षांनी पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ मध्ये, तहाच्या कागदावर मिळालं.

आता दिव्याकडे येऊ.

इंग्रजांच्या हातात बेट आल्यावर किल्ल्याची गरज संपली. लढायचं कुणाशी? पण मुंबई वाढत होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या खानदेश-वऱ्हाड-गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून जाऊ लागला. जहाजं वाढली, तसा खडकांवर फुटायचा धोकाही वाढला. कुलाब्याच्या टोकाला जुना दीपस्तंभ होता. जुने मुंबईकर त्याला ‘कुलाब्याची दांडी’ म्हणत. तो एकटा पुरेना. तेव्हा खांदेरीच्या दक्षिण टेकडीवर दीपस्तंभ बांधला आणि १८६७ मध्ये तिथं दिवा लागला. आठ कोनी मनोरा, सुमारे पंचवीस मीटर उंच, शिवाय खाली टेकडीची उंची. आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, कुलाब्याच्या पुढं समुद्रात प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ उभा राहिला.

दिवा एवढ्या लांबून कसा दिसतो, हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यांनाच पडला. दिव्याची वात फार मोठी नसते. कमाल भिंगाची आहे. साधा दिवा चारही बाजूंना, वर आकाशात आणि खाली जमिनीवरही उजेड सांडतो. फ्रान्समध्ये फ्रेनेल नावाच्या एका इंजिनिअरनं काचेच्या तिरप्या पट्ट्या एकीभोवती एक अशा रचल्या की तो सांडणारा उजेड गोळा होऊन एकाच दिशेनं, समुद्राकडे जावा. १८२३ मध्ये ते भिंग पहिल्यांदा फ्रान्सच्या एका समुद्रातल्या दीपस्तंभावर बसलं आणि मग जगभर गेलं. दुसरी गोष्ट, प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी. किती सेकंदांनी लुकलुकतो, एकदा की दोनदा, त्यावरून तांडेल ओळखतो की हा दिवा कुठला. अंधारात खोकल्यावरून घरचं माणूस ओळखावं तसं.

आमच्या खलाशाची आई म्हणते, आता पोरांच्या मोबाईलमध्ये जीपीएस असतो, बत्ती कोण बघतो. तिचा पोरगाच तिला म्हणाला, आये, मोबाईल भिजला की बत्तीच बघतो.

एक उलटापालट मात्र ध्यानात येते. १६७९ मध्ये खांदेरी टिकली ती अंधारामुळं. बारक्या होड्यांना अंधार हवा होता, मोठ्या जहाजांना तो नको होता. १८६७ मध्ये दिवा लावला तो मोठ्या जहाजांसाठी. पुढं त्याचा उपयोग आमच्या होड्यांनाही झाला, कुणी नाही म्हणत नाही. पण खर्च झाला तो कापसाच्या गाठींसाठी, बोंबलाच्या पाट्यांसाठी नव्हे.

बेट आणि दिवा ही जोडी जगात जुनी आहे. सगळ्यात नावाजलेला दीपस्तंभ इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया शहरासमोरच्या फारोस नावाच्या बेटावर होता. तिथं तेव्हा ग्रीक वंशाचे राजे होते. आजपासून जवळजवळ तेवीसशे वर्षांपूर्वी त्यांनी शंभर मीटरहून उंच मनोरा बांधला. भूकंपांनी तो पडला. नाव मात्र उरलं : ग्रीक भाषेत दीपस्तंभाला आजही ‘फारोस’च म्हणतात. ग्रीसला हजारो बेटं आहेत, माणसं राहतात ती थोड्यांवरच. बाकीच्या कित्येक निर्जन बेटांवर एकच इमारत, दीपस्तंभाची. आधी तिथं रखवालदार राहायचा, कुठं कुठं बायकामुलांसकट. आता बरेचसे दिवे आपोआप लागतात, विझतात, आणि ती घरं कुलूपबंद आहेत.

बायकामुलांसकट म्हटल्यावर आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलीनं अमेरिकेतली एक गोष्ट शोधून आणली. ती आम्हा सगळ्यांना फार लागली. न्यूपोर्ट नावाच्या बंदरात लाइम रॉक नावाचं एक खडकाचं बेट, त्यावर दीपस्तंभ. १८५० च्या दशकात तिथं होसिया लुईस नावाच्या माणसाला रखवालदार नेमलं. पुढं त्याला लकवा झाला. दिवा तर रोज लागायलाच हवा. मग त्याची बायको आणि मोठी मुलगी आयडा यांनी ते काम उचललं. संध्याकाळी तेल भरायचं, मध्यरात्री पुन्हा भरायचं, काच पुसायची, वात कापायची, पहाटे विझवायचं. धाकट्या भावंडांना होडीतून वल्हवत शाळेत सोडायचं ते वेगळंच. बुडणाऱ्या माणसांना ती होडी घालून वर काढायची. अठरा तरी जीव तिनं वाचवले, अशी नोंद आहे. पण वर्षानुवर्षं नेमणूक वडलांची. ते गेल्यावर आईची. आयडाच्या नावावर नेमणूक झाली ती १८७९ मध्ये, म्हणजे काम हातात घेतल्यावर वीस वर्षांनी. पुढं १९११ मध्ये मरेपर्यंत तिनं तो दिवा सांभाळला. १९२४ मध्ये त्या खडकालाच तिचं नाव दिलं.

गोष्ट संपली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, ‘बोट ह्यांच्या नावावर, डिझेलचा हिशेब माझ्याकडं.’ सगळ्या हसल्या. मग कुणी हसेना.

नाव द्यायचा प्रकार आपल्याकडेही झाला. १९९८ मध्ये खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलं. चांगलं झालं. ज्याला चाचा म्हणून लिहिलं होतं त्याचं नाव मुंबईच्या दारात लागलं. मायनाक भंडारींचं नाव मात्र अजून किती जणींना ठाऊक होतं? आमच्या बैठकीत तीस जणींपैकी चौघींना. त्या चौघी किनाऱ्यावरच्या.

आता त्या म्हातारीच्या वेताळाकडे जायला हवं, कारण आमच्या प्रश्नाचं उत्तर तिनं सुरुवातीलाच दिलं होतं, आम्हालाच ते कळलं नव्हतं.

खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे. आत मूर्ती नाही, भली मोठी शिळा आहे, रंग देऊन सजवलेली. ही शिळा दरसाल थोडी थोडी वाढते असं कोळी सांगतात. वाढते की नाही हे आम्ही मोजलेलं नाही आणि मोजायला जाणारही नाही. पण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं येणं-जाणं त्या देवळाशी बांधलेलं आहे. नवी बोट, नवं जाळं, पहिलं म्हावरं, घरातलं दुखणं, वेताळाला नारळ जातो. देवाच्या बेटावरचं झाड तोडायचं नाही असा दंडक आहे आणि म्हणून बेट अजून हिरवं आहे. एका पिराचं थडगंही आहे तिथं. जवळच असा एक दगड आहे की त्याच्यावर बारका दगड आपटला तर भांड्यासारखा आवाज येतो. तटावर लोखंडी चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या जुन्या तोफा आहेत.

म्हणजे बघा. मराठे गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, बेटाचा कारभार मुंबई बंदराकडे राहिला. कागद बदलत गेले. पण नारळ घेऊन जाणारी होडी त्यांच्याबरोबर थांबली नाही. राहायला कुणी गेलं नाही, तरी त्या माणसांनी ते बेट कधी सोडलंही नाही. ‘निर्जन’ हा शब्द घर मोजणाऱ्याचा आहे. ये-जा मोजणाऱ्याला तो लिहिता येणार नाही.

हे आम्हाला एवढं का बोचलं ते सांगतो. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या तुम्ही कधी पाहिल्यात का? बांबूचे खांब रोवून आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून बोंबील टांगायचे. पावसाळा सरल्यावर ती जागा बघावी. पहाटेपासून बायका, पाट्या, कावळे, बगळे, उन्हाचा वास आणि मासळीचा वास. मे अखेर झाली की खांब निघतात. पावसाळाभर तिथं काही नसतं. कुणी जूनमध्ये येऊन फोटो काढला तर त्यात रिकामी वाळू दिसेल आणि खाली लिहिता येईल : मोकळी जागा. आमच्या आजीची सासू तिथंच बोंबील टांगायची, हे त्या फोटोत येत नाही.

तुम्ही गावाकडच्या मैत्रिणी म्हणाल, समुद्र तुमचा, आम्हाला काय. मग तुमच्या गावचं गायरान आठवा. शेणी थापायची जागा आठवा. सामायिक खळं, पाणवठा, सरपणाची टेकडी, देवराई. तिथं कुणाचं घर नाही, सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, आणि वर्षातले ठरावीक महिनेच तुमचं काम असतं. एखादा प्रकल्प येतो तेव्हा कुठली जागा आधी ‘रिकामी’ ठरते, ते तुम्ही आमच्याहून जास्त पाहिलं आहे.

खांदेरी पर्यटनासाठी खुलं करायच्या योजना गेली काही वर्षं बोलल्या जात आहेत. आता जागतिक वारसा झाल्यावर माणसं येणारच. यावीत. आम्हालाही जायचं आहे. पण आमच्या बैठकीत या विषयावर एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, माणसं आली तर थळच्या बायकांना चार पैसे मिळतील, खानावळ चालेल, होडीवाल्यांना भाडं मिळेल. काहींचं म्हणणं, खानावळीचं कंत्राट बाहेरचाच घेईल आणि उद्या नारळ घेऊन आलेल्या कोळणीला तिकीट विचारतील. वाद बराच चालला. आमच्यापैकी लिहिणारीचं मत असं, की ठरवायच्या बैठकीला थळच्या बायका बसलेल्या असल्या तर दोन्ही गोष्टी सांभाळता येतील. नसल्या तर पहिलीही होणार नाही.

आम्ही एक काम मात्र सुरू केलं आहे. आमच्या समुद्रात ओहोटीला दिसणारे आणि भरतीला बुडणारे खडक आहेत. त्यांची नावं, त्यांच्या वाटा, कुठल्या वलांडीला काय म्हणतात, ती कुणी कुणाला दिली, हे सत्तरी ओलांडलेल्या बायकांना आणि तांडेलांना विचारून शंभर पानी वहीत लिहितो. तारीख घालतो, सांगणाऱ्याचा अंगठा किंवा सही घेतो. अडचण अशी येते की दोन म्हाताऱ्या एकाच खडकाची दोन नावं सांगतात आणि भांडतात. आम्ही दोन्ही लिहितो. तुमच्या गावात कुणी असं लिहिलं असेल तर आम्हाला कळवा, वही कशी आखली ते आम्हाला हवं आहे.

खांदेरीला जायचं कसं, हे रेडिओवर हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीनं मांडवा, तिथून रस्त्यानं थळ. थळहून पुढं कोळ्यांची होडी ठरवावी लागते. पावसाळ्यात जाता येत नाही. जूनजुलैत तर मासेमारीच बंद असते. बेटावर सहज कुणी नसतं, दुकान नाही, तेव्हा पाणी आणि भाकरी सोबत हवी, कचरा परत आणायचा. भरती-ओहोटीची वेळ तांडेल सांगेल ती ऐकायची. बेटावर उतरायला परवानगी मुंबई बंदराची लागते. आणि आमच्या म्हातारीनं बजावून सांगितलं आहे, नारळ विसरू नका, तो इथल्या बाजारातून घेऊन जा, तिथं मिळत नाही.